नवे पॅड बसवले. जुने पॅड कुठे ठेवलेत?

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, पुढे डिस्क, मागे ड्रम. घराच्या अंगणात पुढचे चारही ब्रेक पॅड बदलले. उजवीकडचा आतला पॅड झिजून पार पत्र्याला, म्हणजे त्याच्या मागच्या लोखंडी पाठीला, टेकला होता, बाहेरचा मात्र निम्मा शिल्लक होता. डावीकडचे दोन्ही सारखे झिजलेले. पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना डावीकडचा सहज गेला, उजवीकडे सी-क्लॅम्प पाना लावून आवळावा लागला. निपल, म्हणजे ब्रेक ऑईल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, उघडला नाही. आता दहा किलोमीटर चाललं की उजवं चाक तापतं, करपल्यासारखा वास येतो, पेडल पूर्वीपेक्षा खोल जातं आणि हळू वेगात चीं-चीं आवाज येतो. पॅड डुप्लिकेट लागले असतील का? पुढच्या रविवारी कराडला लग्नाला यायचं आहे.

आधी रविवारचं बोलतो. गाडी घेऊन येऊ नका, एसटीने या. येताना कुंभार्ली घाट चढायचा आहे, तेव्हा ब्रेकवर फारसा पाय द्यावा लागणार नाही. पण परतताना तोच घाट उतरायचा आहे आणि चिकटलेला ब्रेक उतारावर आणखी तापतो. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल नवं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की हाच आकडा १४० च्या आसपास येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आठ वर्षांत ऑईल एकदाही बदललं नसेल, आणि बहुतेकांनी बदललेलं नसतंच, तर तापलेल्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा, पिस्टन असलेला भाग) ते उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल फरशीला टेकतं आणि गाडी चालतच राहते. घरासमोर ब्रेक ठीक लागतात म्हणून घाटातही लागतील, असं धरून चालू नका.

आता पॅडचं. बाजारात डुप्लिकेट पॅड मिळतात हे खरं, पण तुमच्या बाबतीत मला तो संशय नाही. चारही पॅड एकाच खोक्यातून निघाले. त्यातले दोन डावीकडे गप्प बसलेत आणि दोन उजवीकडे तापतात, तर दोष खोक्यात कसा असेल? तो उजव्या चाकात आहे आणि नवे पॅड घालण्याच्या आधीपासून होता. तुमच्याच प्रश्नातलं तिसरं वाक्य पुन्हा वाचा: आतला पॅड पत्र्याला टेकलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. चाक उघडल्यावर मी नव्या पॅडकडे नंतर बघतो, जुन्यांकडे आधी. गॅरेजमध्ये येणाऱ्याला पहिला प्रश्न असतो, जुने पॅड आणलेत का? दहातले आठ जण भंगारात टाकून आलेले असतात. तुमचे अजून अंगणात पडले असतील तर उचलून ठेवा, आणि कुठला कुठल्या बाजूचा होता तेही त्यावर खडूने लिहा.

असं का झिजतं ते सांगतो, म्हणजे पुढची तपासणी आंधळी होणार नाही. तुमच्या गाडीसारख्या छोट्या गाड्यांत कॅलिपरला एकच पिस्टन असतो आणि तो आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. मग आणखी पुढे जायला जागा नसल्यामुळे सगळा कॅलिपरच उलट दिशेला सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून डिस्कवर आणतो. हे सरकणं दोन गाईड पिनांवर होतं. पिन मोकळ्या असतील तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिन जाम झाल्या की बाहेरचा पॅड नीट ओढला जात नाही आणि सगळं काम आतला एकटा करतो. दुसरी शक्यता पिस्टनची. ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे येतो तो कुठल्या स्प्रिंगमुळे नाही. त्याच्या भोवती चौकोनी कडांचं रबरी सील असतं, ते दाबताना किंचित पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पिस्टनवर गंज असेल तर सीलचा तेवढा जोर पुरत नाही, पिस्टन जिथे आहे तिथेच राहतो आणि आतला पॅड सतत घासत राहतो. दोन्ही दोषांत आतलाच पॅड आधी संपतो.

मग आधी एवढं तापत का नव्हतं? जुना पॅड झिजत गेला तसा पिस्टन वर्षानुवर्षं बाहेर येत गेला. त्याच्यावरचा धूळबंद रबरी बूट फाटला असेल तर बाहेर आलेल्या भागावर पावसाचं पाणी आणि माती बसली. चिपळूणचा पाऊस मी तुम्हाला सांगायला नको. नवे जाड पॅड बसावेत म्हणून तुम्ही क्लॅम्प आवळून पिस्टन आत ढकललात, तेव्हा तो गंजका भाग थेट सीलखाली गेला. पिनांचंही तसंच. झिजत्या पॅडबरोबर पिन जिथे घासत होत्या ती जागा गुळगुळीत होती. जाड पॅडने कॅलिपर नव्या जागी आणला, जिथे वाळलेलं ग्रीस आणि गंज बसला आहे. आजार जुनाच आहे, नव्या पॅडने फक्त तो वर काढला. आणि पाना लावावा लागला तेव्हाच थांबायला हवं होतं. चांगला पिस्टन हाताने फिरवलेल्या क्लॅम्पने सरळ आत जातो.

पिन की पिस्टन, हे ठरवायला सुटे भाग विकत घ्यायची गरज नाही. सपाट जागी गाडी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, गियर न्यूट्रल. पुढचं उजवं चाक उचला आणि गाडी लोखंडी घोडीवर टेकवा. तुमच्याकडे अंगणात जांभ्याचे चिरे हाताशी असतात आणि मोह होतो, पण जांभा एका टोकावर भार आला की फुटतो. स्टेपनी पायपट्टीखाली आडवी सरकवून ठेवा, ती जास्तीची खबरदारी. घोडीच्या जागी नाही.

चाक हाताने फिरवून बघा. नव्या पॅडवर थोडी घासट येणारच, घाबरू नका. डावं चाकही तसंच उचलून फिरवा म्हणजे फरक कळेल. आता आत कोणाला तरी बसवून एकदा ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि उजवं चाक पुन्हा फिरवा. घट्ट झालं आणि सुटत नाही? मग कॅलिपरच्या निपलवर प्लास्टिकची पारदर्शक नळी चढवा, तिचं टोक बाटलीत सोडा आणि रिंग पान्याने निपल पाव फेरा ढिला करा. साधा तोंडाचा पाना वापरू नका, निपलचे कोन गोल होतात आणि मग तो पाईप पान्यानेही निघत नाही.

ऑईलची पिचकारी आली आणि चाक लगेच सुटलं, तर पिस्टन आणि पिन दोघेही निर्दोष. दाब लाईनमध्ये अडकला आहे. अशा वेळी बहुतेकदा रबरी ब्रेक होज आतून सुजलेला असतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण आतली नळी इतकी बारीक झालेली असते की पायाच्या जोराने ऑईल जातं, परत मात्र येत नाही. होज बदलण्यापूर्वी एक गोष्ट करा: मागचं डावं चाकही तापतं का ते बघा. पुढून चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ब्रेकची लाईन बहुधा फुलीच्या आकारात विभागलेली असते, पुढचं उजवं आणि मागचं डावं एका सर्किटवर. दोन्ही तापत असतील तर होजवर पैसे घालू नका, दोष वर मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलने ऑईलला दाब देणाऱ्या भागाकडे, आहे.

निपल उघडूनही चाक तसंच जाम राहिलं तर दोष कॅलिपरमध्येच. मला तुमच्या बाबतीत हेच निघेल असं वाटतं.

आता चाक काढा. कॅलिपरचे दोन बोल्ट काढून तो वर उचला आणि तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. रबरी होजवर लोंबकळत ठेवलात तर नवीन दुखणं तयार कराल. आधी पिन बघा. प्रत्येक पिन बोटाने आत-बाहेर सरकली पाहिजे, थोडी हवा दाबल्यासारखी वाटेल, पण अडकू नये. ओढून बाहेर काढा, जुनं ग्रीस फडक्याने पुसा, ज्या भोकात ती बसते तेही आतून साफ करा. हलका गंज बारीक पॉलिश पेपरने जातो. खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या, महाग नसते. बऱ्याच गाड्यांत दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बुश असतो. तिची जागा ठरलेली असते, म्हणून वरची कुठली आणि खालची कुठली हे काढतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

ग्रीसवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरी काम करणाऱ्यांची सगळ्यात जास्त चूक इथे होते. दुकानात 'ब्रेकला लावायचं ग्रीस द्या' म्हटलं की पुष्कळदा बेअरिंगचं ग्रीस हातात पडतं. ते खनिज तेलापासून बनलेलं असतं आणि ब्रेकमधल्या रबराला ते चालत नाही, रबर फुगतं. गुहागरकडची एक गाडी माझ्याकडे आली होती. मालकाने हौसेने पिनांना भरपूर पिवळं ग्रीस थापलं होतं. तीन महिने छान चाललं, मग बुश इतका फुगला की पिन काढायला ब्रॅकेट सोडून व्हाइसमध्ये धरावं लागलं. सिलिकॉनचं, रबराला चालतं असं लिहिलेलं ब्रेक ग्रीस घ्या, छोटं पाकीट पुरतं. आणि भोक भरून टाकू नका. पिनेचं भोक आतून बंद असतं, जास्त ग्रीस भरलं की पिन आत जाताना हवा कोंडते आणि पिनेला परत बाहेर ढकलते. पिनेवर पातळ थर बस्स.

पिन मोकळ्या निघाल्या तर पिस्टन बघा. धूळबंद बूट बोटाने उचलून खाली पाहा: फाटका आहे का, खाली लालसर चिखल आहे का. मग पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा धरा आणि आत बसलेल्याला पेडल अगदी हळू, एकदाच दाबायला सांगा. पिस्टन चार-पाच मिलिमीटर बाहेर आला की थांबा. हा उद्योग करताना डावीकडचे पॅड जागेवर असले पाहिजेत, नाहीतर तिकडचा पिस्टन निसटून पडेल आणि ऑईल अंगणभर होईल. आता बाटलीच्या नळीसह निपल उघडा आणि क्लॅम्प हाताने फिरवून पिस्टन आत घ्या, आत गेला की निपल बंद. निपल उघडा ठेवल्याने घाण ऑईल मास्टर सिलिंडरकडे किंवा एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉककडे उलटं जात नाही, बाटलीत येतं. पिस्टन अडखळत, तिरका होत आत गेला तर कॅलिपर खोलायचाच. नुसतं सील आणि बूट खराब असेल तर कॅलिपर किटमध्ये भागतं. पिस्टनवर खड्डे असतील तर पिस्टन बदला, घासून गुळगुळीत करण्याच्या भानगडीत पडू नका. खड्डा सील कापत राहतो. सील बसवण्याचं काम पहिल्यांदा एकट्याने करू नका, जवळच्या मिस्त्रीला शेजारी उभं करा. घरच्या घरी करण्याची हद्द माझ्या मते इथे संपते.

राहिला कॅलिपर ब्रॅकेट. पॅडचे कान ज्या खाचांत बसतात तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. तुम्ही जुन्या क्लिपा तशाच ठेवल्या असाव्यात असा माझा अंदाज. क्लिपेखाली गंज फुगतो, खाच अरुंद होते आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकावा लागलेला पॅड मागे येतच नाही. क्लिप काढा, खाच तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा, क्लिप बसवा आणि पॅड हाताने सरकतो का ते बघा. खारी हवा असलेल्या गावांत मी पिस्टनपेक्षा या खाचांमुळे जाम झालेले ब्रेक जास्त पाहिले आहेत.

पेडलचं बोलू. तुम्ही निपल उघडला नव्हता, टाकीतलं ऑईल संपलं नव्हतं, म्हणजे हवा शिरायला वाट नाही. उगाच हवा काढत बसू नका. खोल जाणारं पेडल आणि स्पंजी पेडल या वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या दाबाला खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक येतं? मग कुठेतरी पॅड किंवा ड्रममधला घासणारा लायनर डिस्क-ड्रमपासून लांब आहे. तुमच्याकडे नवा सपाट पॅड खाचा पडलेल्या डिस्कवर टेकतोय, आणि मागच्या ड्रमचे लायनरही सेट केलेले नसतील. कितीही पंप केलं तरी रबरी चेंडू दाबल्यासारखं लागतं तेव्हा हवा. आणि इंजिन बंद करून चार-पाच वेळा पंप करून पाय स्थिर दाबून धरला, अर्ध्या मिनिटात पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलं किंवा कुठेतरी गळती आहे. पॅड बदलल्यावर पेडल फरशीपर्यंत हाणून पंप केल्याने जुन्या गाडीत असं होतं. एरवी सील जिथे जात नाही त्या गंजक्या भागावर ते घासलं जातं. पिस्टन पुढे आणताना अर्धं पेडलच वापरावं, आठ-दहा वेळा. पाय ठेवून इंजिन सुरू करताना पेडल थोडं खाली जातं तो बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) आहे, दोष नाही. त्यावरून निष्कारण मास्टर सिलिंडर बदलणारे भेटलेत मला.

डिस्क मोजल्याशिवाय चाक परत लावू नका. आतला पॅड पत्र्याला टेकला म्हणजे पत्र्याने डिस्क खाल्ली आहे. कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, मधल्या टोपीच्या कडेला शोधा, गंज पुसल्यावर दिसते. साध्या व्हर्नियरचे जबडे डिस्कच्या काठावर उरलेल्या गंजक्या कडेवर टेकतात आणि जाडी खोटी जास्त दाखवतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरा, नाण्यांसकट माप घ्या आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. कोरलेल्या आकड्याच्या खाली गेली असेल तर लेथवर टर्निंग मारून उपयोग नाही, ती आणखी पातळ होईल. नवी घ्या, दोन्ही बाजूंच्या.

चीं-चीं आवाजाकडे तूर्त लक्ष देऊ नका, जाम ब्रेक सुटला की तो बहुधा जाईल. एवढंच बघा की ज्या पॅडला झिजल्याची सूचना देणारी पत्र्याची पट्टी आहे तो जुन्या पॅडप्रमाणेच बसला आहे, आणि डिस्कमागचा पत्रा वाकून डिस्कला लागत नाही ना. पॅडच्या घर्षणाच्या बाजूला ग्रीसचं बोट लागलं असेल तर तो पॅड गेला. पेट्रोलने धुऊन तो सुधारत नाही. हसू नका, पण माझ्या गॅरेजात एका नव्या पोराने पॅड उलटा बसवला होता, पत्रा डिस्ककडे. गाडी फाटकाबाहेर गेली तसा आवाज ऐकून मी धावत गेलो. त्या दिवसापासून गाडी बाहेर जाण्यापूर्वी मी स्वतः वाकून बघतो.

सगळं बसल्यावर चाक लावण्यापूर्वी ब्रेक ऑईलच्या टाकीतली पातळी बघा, चाक लावून गाडी खाली घेतल्यावर नट फुलीच्या क्रमाने आवळा, आणि गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. सांडलेलं ब्रेक ऑईल रंग उडवतं, पाण्याने लगेच धुवा. मग पहाटेच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर ५० च्या वेगातून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, अर्धा किलोमीटर जाऊ द्या, पुन्हा तेच. आठ-दहा वेळा. शेवटी पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरा. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून उभे राहू नका, पॅडचा डाग तिथेच छापला जातो आणि पुढे पेडल थरथरतं. घरी येऊन डिस्कला हात न लावता दोन्ही रिमांजवळ तळवा धरा, किंवा पाण्याचे चार थेंब शिंपडून चर्र होतंय का ऐका. दोन्ही बाजू सारख्याच गरम असतील तर काम झालं.

निपल उघडल्यावर चाक सुटलं की नाही, मागचं डावं तापतं का, आणि डिस्कचं माप किती भरलं, या तीन गोष्टी कळवा. होज, कॅलिपर किट की अख्खा कॅलिपर, ते त्यावर सांगतो. आणि लग्नाला येताना जुने चारही पॅड पिशवीत घालून आणा.